पातं कुठलं, मूठ कुठली : जुनी तलवार कशी वाचावी

मागचं व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी मोबाईलवर घरच्या तलवारीचा फोटो दाखवला. दसऱ्याला पूजेत मांडतात ती. "ही शिवकाळातली का हो?" आम्ही म्हटलं, एका तलवारीला एकच वय असतं असं नाही. पातं एका देशातलं, मूठ दुसऱ्या. पातं आजोबाच्या वयाचं, मूठ नातवाच्या. आज तेवढंच पाहू.

आधी पात्याचा बाक. आपल्या जुन्या शिल्पांतलं खड्ग बहुतेक सरळ असतं. राजपुतांचा खांडाही सरळ, टोकाकडे रुंद होत गेलेला. बाकदार तलवार मुख्यतः मध्य आशियातल्या तुर्क घोडेस्वारांबरोबर इकडे रुजली. कारण साधं आहे. टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर तो चेचतो, सरकवली की कापला जातो. धावत्या घोड्यावरून वार करताना बाकदार पातं आपोआप सरकतं. सरळ पात्याला मात्र लांबवर भोसकता येतं.

आता मूठ. संग्रहालयात हमखास कुणीतरी म्हणतं, "केवढीशी मूठ! पूर्वजांचे हात लहान होते वाटतं." तसं नाही. तलवारीच्या मुठीला मागे थाळीसारखी चकती असते. ती मनगटाला टेकते, मनगट फार वाकू देत नाही. मग वार कोपर-खांद्यातून, ओढून करावा लागतो, आणि बाकदार पात्याला तोच हवा. मूठ घट्ट बसते ती मुद्दामच.

खरी गंमत आहे फिरंगीत. फिरंगी हा शब्द 'फ्रँक'वरून फारसीमार्गे आला, अर्थ युरोपीय. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारातून युरोपात घडलेली पाती येऊ लागली, त्यांत जर्मनीतल्या झोलिंगेनचीही होती. इथले कारागीर त्यांवर आपली मूठ चढवत: बोटं झाकणारी रुंद परज, आत गादी, आणि मुठीच्या मागे निघालेला गज. जोराचा वार करायचा तर दुसरा हात त्या गजावर. मराठ्यांना हे लांब, सरळ पातं मानवलं. आपली धोपही सरळच.

कोल्हापूरच्या छत्रपतींकडून 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेलेली तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. आपण तिला 'जगदंबा' म्हणून ओळखतो. तिचं पातं युरोपीय घडणीचं. हे सांगितलं की काही जण नाराज होतात. आम्हाला त्यात कमीपणा दिसत नाही. चांगलं पोलाद जिथे मिळेल तिथून घेणं हा लढवय्याचा शहाणपणा. उलट बाजूही आहेच: आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमला मुशीत वितळवून केलेलं पोलाद विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते.

मग युरोपीय पातं ओळखायचं कसं? त्यावर खुणा असतात. झोलिंगेनच्या कितीतरी पात्यांवर धावता लांडगा कोरलेला असतो, अगदी दोन-चार रेघांत. काहींवर विळ्यासारखी दातेरी जोडी असते. पण थांबा, इथले लोहारही त्या खुणा हुबेहूब उतरवत! मालाला भाव येतो ना. म्हणून खूण दिसली की लगेच निकाल द्यायचा नाही. पात्याची जाडी, मधली पन्हळ, खुणेची खोली, सगळं एकत्र पाहायचं.

आणि हे सगळं असतं पात्याच्या वरच्या एखाद्या केसाएवढ्या थरात. आपण दसऱ्याआधी काय करतो? पॉलिश पेपर घेतो, चिंच घेतो, घासघासून चांदीसारखं करतो. लहरींची नक्षी जाते, खूण जाते. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बिनवासाच्या मशीन तेलाचा पातळ हात द्या, बस्स. गंज खोल असेल तर संग्रहालयातल्या जतन करणाऱ्यांना विचारा. आणि कातडी म्यानात कायम कोंबून ठेवू नका, त्यात ओल धरते.

त्या श्रोत्यांची तलवार आम्ही नंतर हातात घेऊन पाहिली. मूठ चकतीची, पातं मात्र सरळ, म्हणजे जोडी नंतर जमवलेली असावी. मुठीजवळ दातेरी विळ्याचा एक अर्धा तुकडा शिल्लक होता. उरलेला दीड विळा गेल्या वर्षीच्या पॉलिश पेपरने नेला होता. त्यामुळे पातं युरोपातलं की इथल्याच एखाद्या हुशार लोहाराचं, हे आम्हाला सांगता आलं नाही.