सर, लिक्विड गोइंग

अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात रविवारी रात्रीचे साडेआठ वाजलेत; पुण्यात दहा. दुबईत साधा व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, म्हणून या खोलीत सगळ्यांच्या फोनवर बोटिम. संगमेश्वर तालुक्यातले काका खालच्या खाटेवर मांडी घालून फोन उशीला टेकवतात. मुलगा सीओईपीत, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. १८५४ सालचं कॉलेज, आणि वाडीतून तिथे पोचलेला हा पहिलाच, हे मला आल्याआल्या सांगून झालंय.

"जेवलास?"

"हो."

"मग तोंड का असं?"

पोराच्या मागे खोलीत इंग्रजीत हसणं-खिदळणं चाललंय. तो फोन घेऊन जिन्यात येतो, मग सांगतो. शुक्रवारी ओरल होती. सुपरहीट कशासाठी ठेवतात, एवढाच प्रश्न. उत्तर डोक्यात मराठीत तयार. इंग्रजी वाक्य कुठून सुरू करायचं तेच सुचेना. "बोललोच नाही. त्यांना वाटलं असणार, याला काही येत नाही."

काका एसी मेकॅनिक. ते एकदम सरसावून बसतात. "अरे, गॅस पुरता कोरडा होऊनच कॉम्प्रेसरात गेला पाहिजे. लिक्विड शिरलं की व्हॉल्व्हची वाट!"

"माहितीय, बाबा."

"मग सांगायचं ना! सर, लिक्विड गोइंग, कॉम्प्रेसर फिनिश!"

वरच्या खाटेवरचा मल्याळी खदाखदा हसतो. पोरगाही हसतो, पण लगेच म्हणतो, "इथे असं नाही चालत, बाबा."

खरंय त्याचं. काकांचं इंग्रजी इथे कुणी तपासत नाही. गार हवा आली की काम पास. पोराचं व्याकरण बापापेक्षा कितीतरी चांगलं, तरी गप्प तोच बसतो, कारण त्याची चूक ऐकायला अख्खा वर्ग आहे. २०२१ पासून एआयसीटीईने अभियांत्रिकी मराठीतूनही शिकवायला परवानगी दिली आहे. मला तो उपाय अर्धाच वाटतो. पुस्तक मराठीत आलं, तरी बापाशी बोलायला जिन्यात जावंसं वाटणं थांबणार नाही.

"आता मी सर," काका घसा खाकरतात. "व्हाय सुपरहीट?"

पोरगा अडखळतो, थांबतो, पुन्हा सुरू करतो. तिसऱ्या खेपेला सबंध उत्तर इंग्रजीत येतं. काकांना त्यातलं निम्मं कळत नाही. "करेक्ट," ते ठासून सांगतात. "नेक्स्ट क्वेश्चन."

पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलांत राहणाऱ्या शहरी मुलांनो, जिन्यात उभं राहून हळू आवाजात घरी बोलणारा कुणी दिसला, तर त्याला खोलीत बोलवा आणि ओरलची तयारी त्याच्याबरोबर करा. विषय त्याला येत असतो.