एक पिस्टन, चार कामं

१९५० च्या दशकातली जॉन्सन किंवा एव्हिनरूड कंपनीची आउटबोर्ड मोटर पहिल्यांदा उघडणारा माणूस आधी हरवलेले भाग शोधू लागतो. गाडीच्या इंजिनात असतात तसे झडपा उघडणारे कॅमशाफ्ट इथे नाहीत. ऑइल साठवायची टाकी नाही, रेडिएटर नाही, बॅटरीसुद्धा नाही. दोन सिलेंडर, दोन पिस्टन, वर जड चाक, खाली लांब दांडा आणि टोकाला पंखा. एवढ्या सामानावर ही मोटर मिनिटाला चार हजारांहून जास्त फेरे घेते आणि माणसांनी भरलेली होडी ओढत नेते. मग बाकीची कामं करतं कोण?

याचं उत्तर मोटरीच्या वजनात सापडतं. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये आपली मोटर बाजारात आणली. ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो. एका माणसाने उचलून होडीच्या मागच्या फळीला अडकवावी आणि संध्याकाळी काढून घरी न्यावी, हीच तिची सारी मातब्बरी. अशा यंत्रात फक्त एकच काम करणारा भाग परवडत नाही. म्हणून इथे प्रत्येक भागाला दोन-तीन नोकऱ्या आहेत, आणि पिस्टनला तर चार.

पिस्टन वर जातो तेव्हा डोक्यावरचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या बंद पोकळीत, क्रँककेसमध्ये, कार्बोरेटरमधून ताजं पेट्रोल-हवा ओढून घेतो. ठिणगी पडते, स्फोट त्याला खाली ढकलतो. खाली येताना तो सिलेंडरच्या भिंतीतली धूर जायची खिडकी उघडतो आणि लगेच समोरची दुसरी खिडकी. तोवर क्रँककेसमध्ये दाबलं गेलेलं ताजं मिश्रण या दुसऱ्या खिडकीतून वर धावतं आणि उरलेला धूर बाहेर हाकलतं. ताकद घेणं, पंप चालवणं, धुराचं दार सांभाळणं आणि मिश्रणाचं दार सांभाळणं, ही झाली चार कामं. मिनिटाला ४,५०० फेरे धरले तर सगळा खेळ सेकंदाला ७५ वेळा होतो.

समोरासमोरच्या दारांतून ताजं मिश्रण सरळ धुरामागे पळून जाऊ नये म्हणून पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा असतो. त्याची एक बाजू उभी, दुसरी उतरती. उभी बाजू येणाऱ्या मिश्रणाला अडवून वर वळवते, उतरती बाजू धुराच्या खिडकीकडे असते. जोडणी करताना पिस्टन उलटा बसवला की हा सगळा बेत उधळतो. पिस्टनभोवतीच्या रिंगांचंही तसंच. भिंतीला खिडक्या असल्यामुळे रिंग फिरत फिरत गेली तर तिचं टोक खिडकीत अडकून तुटेल, म्हणून अनेक टू-स्ट्रोक इंजिनांत रिंगेच्या खाचेत बारीक पिन ठोकलेली असते. रिंगेची दोन टोकं त्या पिनेशीच भेटतात.

आता क्रँककेस हाच पंप म्हटल्यावर क्रँकच्या टोकाचं साधं ऑइल सील किती मोलाचं ठरतं, ते ध्यानात येतं. गाडीत असं सील गेलं तर जमिनीवर तेलाचे डाग पडतात. इथे ते वाळलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि कार्बोरेटर कितीही धुतला तरी मोटर धड चालू होत नाही.

वरचं जड चाकही असंच दुहेरी कामाचं. ते फेऱ्यांना सारखेपणा देतं आणि वीजही तयार करतं. त्याच्या आतल्या कडेला लोहचुंबक बसवलेलं असतं. ते कॉइलसमोरून धावतं, तारेत करंट वाहू लागतो आणि नेमक्या क्षणी पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकलेले दोन धातूचे संपर्क, उघडून तो तोडतात. करंट तुटताच चुंबकीय क्षेत्र कोसळतं, दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंटमधलं अंतर असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मोटरीत बरेचदा एवढंच बिघडलेलं असतं: पॉइंटवर गंज चढतो किंवा कॉइलचं आवरण तडकतं.

उघडताना खरा सामना होतो तो खारं पाणी लागून गेलेल्या बोल्टांशी. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं अंग यांच्यामध्ये क्षार साचून दोन्ही जणू एकजीव झालेले असतात. पाना जोराने फिरवला की डोकं तुटून हातात येतं. तिथे ताकदीपेक्षा उष्णता कामी येते, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सुटते. सिलेंडरचं वाकलेलं झाकण, म्हणजे हेड, सपाट करायलाही कारखाना लागत नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हेड हलक्या हाताने घासायचं. उंच जागा चकाकतात, खोल जागा काळ्या राहतात. काळं संपलं की हेड सपाट झालं.

रबरी पात्यांचा छोटा इंपेलर पाणी वर चढवून सिलेंडर थंड ठेवतो. तो ज्या डबीत फिरतो तिच्या मध्यावर नसून मुद्दाम एका बाजूला बसवलेला असतो. हळू फिरताना त्याची पाती वाकत-उघडत पाणी ढकलतात. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने ती आत वाकून राहतात आणि तोच भाग नुसत्या फिरण्याच्या जोरावर पाणी फेकू लागतो. पण त्याचं वंगण म्हणजे हेच पाणी. म्हणून दुरुस्त झालेली मोटर पाण्याने भरलेल्या पिंपातच चालवून बघायची. कोरडी चालवली तर पाती बघता बघता जळतात.

या काटकसरीची किंमतही आहे. वंगणाची वेगळी सोय नसल्यामुळे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जुन्या अनेक मोटरींना २४ भाग पेट्रोलला एक भाग तेल लागतं आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. शिवाय दोन्ही खिडक्या थोडा वेळ एकाच वेळी उघड्या राहतात. उंचवट्याने कितीही अडवलं तरी काही ताजं पेट्रोल न जळता धुराबरोबर पाण्यात जातंच. याच कारणाने अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९६ मध्ये नव्या आउटबोर्ड मोटरींसाठी धुराचे नियम केले. त्यानंतर एकेक कंपनी फोर-स्ट्रोककडे किंवा खिडकी बंद झाल्यावर पेट्रोल फवारणाऱ्या पद्धतीकडे वळली.

नव्या फोर-स्ट्रोक मोटरीत प्रत्येक कामाला वेगळा भाग आहे: झडपा, कॅमशाफ्ट, ऑइल पंप. ती कमी पेट्रोल पिते आणि धूरही कमी सोडते. जुन्या मोटरीत मात्र एक सील, एक कॉइल किंवा एक रबरी चाक बिघडलं की सगळंच अडतं, आणि तेवढाच भाग बदलला की सगळं एकदम सुरू होतं. सत्तर वर्षांची मोटर घरच्या टेबलावर, चार पान्यांच्या जोरावर पुन्हा चालू करता येते ती यामुळेच.