सुनावणी होते, निर्णय कुणाचा?

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या ‘वेस्ट एंड’ या वस्तीत १९५८ साली पाडापाडीस प्रारंभ झाला. इटालियन, ज्यू, पोलिश अशा कष्टकऱ्यांची ही जुनी, दाटीची, परंतु शेजारधर्म जपणारी वस्ती होती. नगररचनाकारांच्या कागदांवर ती ‘गलिच्छ’ ठरली, आणि १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने मध्यवर्ती सरकारची तिजोरी खुली केली असल्यामुळे ती भुईसपाट करणे सोपे झाले. सुमारे २७०० कुटुंबे परागंदा झाली. त्यांच्या जमिनीवर जे उत्तुंग इमले उभे राहिले, त्यांचे भाडे त्यांना परवडणारे नव्हते.

अशा अनुभवांतूनच ‘लोकसहभाग’ हा शब्द अमेरिकी कायद्यात रुजला. दारिद्र्यनिर्मूलनाच्या १९६४ च्या कायद्याने गरिबांच्या ‘शक्य तितक्या अधिक’ सहभागाची अट घातली. १९६६ च्या आदर्श नगर योजनेने तीच री ओढली. परंतु शब्द आला म्हणजे अर्थ आला, असे नव्हे. गृहनिर्माण व नगरविकास खात्यात लोकसहभागाच्या सल्लागार राहिलेल्या शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडीच मांडली. लोकांना केवळ माहिती देणे ही तिसरी आणि त्यांचे मत विचारणे ही चौथी पायरी. निर्णयात वाटा मिळतो तो सहाव्या पायरीपासून पुढे.

आजची व्यवस्था या शिडीवर कोठे उभी आहे? १९७४ च्या कायद्याने सात निरनिराळ्या योजना मोडून एकच ‘समाजविकास ठोक अनुदान’ निर्माण केले. लोकसंख्या, दारिद्र्य, घरांतील दाटी व घरांचे वयोमान अशा निकषांवर ते शहरांना वाटले जाते. त्यातील किमान ७० टक्के रक्कम अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या हितासाठी खर्च व्हावी, असे बंधन आहे. १९९५ पासून प्रत्येक शहराला तीन ते पाच वर्षांचा एकत्रित आराखडा आणि दरवर्षीचा कृती आराखडा सादर करावा लागतो. वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात, मसुदा ३० दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो. लोकांच्या सूचनांचा गोषवारा आराखड्यास जोडावा लागतो. ज्या सूचना अमान्य झाल्या, त्यांची कारणेही नमूद करावी लागतात.

नियम उत्तम आहेत. पण ते चौथ्या पायरीचे आहेत. मसुदा लोकांपुढे येतो तेव्हा रकमांची वाटणी बहुधा ठरून गेलेली असते. सुनावणीच्या सभागृहात अनुदानाची आस लावून बसलेल्या संस्थांचे पगारी प्रतिनिधी हमखास असतात. पाळीवर गेलेला कामगार किंवा लहान मुलांची आई क्वचितच. शिवाय वाटायचे धनच आटले आहे. १९७५ साली हे अनुदान सुमारे २४० कोटी डॉलर होते. २०२४ साली ते ३३० कोटी होते. दरम्यानच्या काळात किंमती पाचपटींहून अधिक वाढल्या. म्हणजे आकडा फुगला, परंतु त्याची क्रयशक्ती निम्म्याहूनही खाली आली. भाकरी लहान होत जाते तेव्हा ती कुणी वाटावी, हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

यावर एक आक्षेप सयुक्तिक आहे. अंतिम निर्णय निवडून आलेल्या प्रतिनिधींनीच घ्यावा. सभागृहातील पंचवीस माणसे म्हणजे काही शहर नव्हे. हे खरे. तथापि, निर्णयाचा अधिकार प्रतिनिधींकडे ठेवूनही आराखड्याचा पहिला शब्द रहिवाशांना लिहिता येतो, याचा दाखला त्याच बोस्टनने दिला आहे.

रॉक्सबरी भागातील डडली स्ट्रीटचा परिसर जाळपोळीने आणि रिकाम्या भूखंडांवरील कचऱ्याने उजाड झाला होता. १९८४ साली तेथे पुनरुज्जीवनाची संस्था स्थापन होऊ लागली, तेव्हा नियोजित कार्यकारिणीत रहिवाशांना अल्प जागा होत्या. त्यांनी भर सभेत जाब विचारला आणि बहुमत मिळवले. मग सल्लागार त्यांनीच नेमले आणि १९८७ साली परिसराचा आराखडा सिद्ध केला. शहराने तो स्वीकारला. पुढच्याच वर्षी, खाजगी मालकीचे पडीक भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकार बोस्टन पुनर्विकास प्राधिकरणाने या रहिवाशांच्या संस्थेस दिला. वेस्ट एंड ज्या प्राधिकरणाच्या हातून उद्ध्वस्त झाला, तेच हे प्राधिकरण!

दोन्ही वस्त्यांतील माणसे सारखीच सामान्य होती. फरक एवढाच की, एका ठिकाणी आराखडा लोकांकडे आला, तर दुसऱ्या ठिकाणी लोक आराखड्याच्या आधी आले. सुनावणीची तारीख कायदा ठरवू शकतो. परंतु ती नकाशा आखण्यापूर्वी येते की नंतर, यावरच तिचे मोल ठरते.