डीओ व्हायचंय? अर्जापासून मुलाखतीपर्यंत

अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या पदव्या दोन आहेत, एमडी आणि डीओ. दोन्ही पदव्यांचे डॉक्टर पन्नासही राज्यांत औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात, हृदयरोगापासून मनोविकारापर्यंत हव्या त्या शाखेत तज्ज्ञ होतात. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक आज डीओच्या, म्हणजे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांत शिकतात. तरीही अमेरिकेतल्या मराठी घरात मुलीने किंवा मुलाने डीओचं नाव काढलं, की आजी-आजोबांना हाडवैद्य आठवतो आणि आई-बाबांना वाटतं, एमडीला नंबर लागणार नाही म्हणून शोधलेली ही पळवाट. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियामुळे गोंधळ आणखी वाढतो. तिथला ऑस्टिओपॅथ हाताने उपचार करणारा वेगळा व्यावसायिक असतो, वैद्यकीय डॉक्टर नसतो. अमेरिकेतला डीओ मात्र पूर्ण डॉक्टर असतो.

दुसरी अडचण प्रवेशाच्या पद्धतीची. नीटचे मार्क, मेरिट लिस्ट, मग कॅपचे राउंड, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तिथे मार्कांनी फक्त पहिली चाळणी लागते. पुढे निबंध, अनुभव, शिफारसपत्रं आणि मुलाखत असं वर्षभर चालतं, आणि या सगळ्यांतून एकच गोष्ट तपासली जाते: या विद्यार्थ्याने डॉक्टरकी, आणि त्यातही हा मार्ग, समजून-उमजून निवडलाय का, आणि तसं त्याच्या आजवरच्या वागण्यात दिसतं का? हा प्रश्न ध्यानात ठेवला, तर प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते कळतं.

आधी ही शाखा समजून घ्या

अँड्र्यू टेलर स्टिल हा व्हर्जिनियात १८२८ साली जन्मलेला डॉक्टर. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्याची तीन मुलं दगावली. रक्त काढणं आणि पाऱ्याची औषधं देणं हे त्या काळचे सर्रास उपचार. त्यांवरचा त्याचा विश्वास उडाला. शरीराची रचना सुधारली तर शरीर स्वतःला बरं करू शकतं, हा विचार त्याने १८७४ मध्ये मांडला आणि १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं महाविद्यालय काढलं. त्या काळात बहुतेक वैद्यकीय शाळांची दारं स्त्रियांना बंद होती, पण इथल्या पहिल्याच वर्गात विद्यार्थिनी होत्या.

आजचा डीओ विद्यार्थी शरीररचनाशास्त्र, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया हे सगळं एमडीसारखंच शिकतो. त्याखेरीज स्नायू, सांधे आणि मणक्यावर हाताने करायच्या तपासणीचं आणि उपचारांचं सुमारे २०० तासांचं शिक्षण त्याला मिळतं. शाखेची चार तत्त्वं सांगितली जातात: शरीर, मन आणि आत्मा मिळून माणूस एकसंध आहे, शरीरात स्वतःला सावरण्याची क्षमता आहे, रचना आणि कार्य एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि उपचार या तिन्ही गोष्टींच्या जाणिवेतून ठरवावेत. परवान्यासाठी डीओंची कॉमलेक्स ही तीन टप्प्यांची परीक्षा असते. त्यासोबत बरेच जण एमडींची यूएसएमएलईही देतात. पदवीनंतरच्या रेसिडेन्सीची व्यवस्था २०२० पासून दोघांसाठी एकच झाली आहे.

हा इतिहास पाठ करून मुलाखतीत म्हणून दाखवायचा नाही. पण तो माहीत नसेल, तर ‘डीओच का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर सापडत नाही. आणि हा प्रश्न टळत नाही.

तयारीची दोन-तीन वर्षं

वैद्यकीय शिक्षण तिथे चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होतं. पदवीत जीवशास्त्र, सामान्य आणि सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगांसह, शिवाय इंग्रजी आणि बहुतेक ठिकाणी जैवरसायनशास्त्र लागतं. मग एमकॅट. चार विभागांची, साडेसात तास चालणारी ही परीक्षा ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजली जाते. ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांत दाखल होणाऱ्यांचा सरासरी स्कोअर गेल्या काही वर्षांत ५०३-५०४ च्या आसपास आणि जीपीए ३.६ च्या जवळपास राहिला आहे. एमडीच्या सरासरीपेक्षा हे आकडे कमी आहेत. पण त्यावरून निष्काळजी राहू नये, कारण उरलेल्या अर्जाकडे इथे तितक्याच बारकाईने पाहिलं जातं.

उरलेल्या अर्जातला कणा म्हणजे रुग्णांजवळ घालवलेला वेळ. अँब्युलन्सवर इएमटी म्हणून काम, डॉक्टरांसाठी नोंदी लिहिणाऱ्या स्क्राइबची नोकरी, वृद्धाश्रमातली सेवा, मोफत दवाखान्यात स्वयंसेवा, यांपैकी काहीही चालतं. मात्र ते वर्ष-दोन वर्षं सातत्याने केलेलं हवं. चार ठिकाणी आठवडाभर जाऊन जमवलेल्या प्रमाणपत्रांना इथे किंमत नाही. उन्हाळ्यात भारतात आल्यावर काकांच्या हॉस्पिटलमध्ये पंधरा दिवस बसणं हा चांगला अनुभव असू शकतो, पण अमेरिकेतल्या रुग्णसेवेची जागा तो घेत नाही.

याखेरीज एका डीओ डॉक्टरसोबत प्रत्यक्ष वेळ घालवा. अनेक महाविद्यालयं डॉक्टरचं शिफारसपत्र मागतात आणि ते डीओचं असेल तर अधिक पसंत करतात. ओळखीत कुणी नसेल तर जवळच्या फॅमिली प्रॅक्टिसच्या दवाखान्यांत नावापुढे डीओ लिहिलेले डॉक्टर शोधा आणि थोडक्यात, नम्रपणे ईमेल करा. त्या डॉक्टरांनी तपासणीच्या खोलीत काय केलं हे घरी येऊन लिहून ठेवा. कंबर धरलेल्या सुताराची तपासणी त्यांनी कशी केली, हात लावण्याआधी परवानगी कशी घेतली, औषध कधी दिलं आणि हाताचा उपचार कधी केला, हे तपशील पुढे निबंधात आणि मुलाखतीत उपयोगी पडतात.

अ‍ॅकोमास: एक अर्ज, अनेक महाविद्यालयं

ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांसाठी अ‍ॅकोमास नावाची एकच केंद्रीय अर्जसेवा आहे. टेक्सासमधल्या सरकारी महाविद्यालयांसाठी त्या राज्याची वेगळी सेवा वापरावी लागते. अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला खुले होतात आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या वर्गासाठी असतात. प्रवेश ‘रोलिंग’ पद्धतीने दिले जातात. सगळे अर्ज जमल्यावर यादी लावायची असं होत नाही. अर्ज येतील तसे वाचले जातात आणि जागा भरत जातात. शेवटची तारीख हिवाळ्यात किंवा वसंतात असली, तरी जून-जुलैत अर्ज गेलेला बरा.

शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका मागवावी लागते. एकाच उन्हाळी कोर्सपुरतं गेलेलं कम्युनिटी कॉलेजही त्यात येतं. मग प्रत्येक विषय स्वतः भरायचा. पडताळणीला काही आठवडे लागू शकतात, म्हणून गुणपत्रिका आधीच मागवा. पूर्वी पुन्हा दिलेल्या विषयाचे नवे गुणच धरले जायचे. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली, आता सर्व प्रयत्नांचे गुण मोजले जातात. पहिल्या महाविद्यालयासाठी सुमारे २०० डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी वेगळं शुल्क पडतं. ऐपत नसलेल्यांसाठी शुल्कमाफीची सोय आहे, पण ती मर्यादित असल्याने लवकर मागावी.

मुख्य निबंधाला ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे, रिकाम्या जागा धरून. ‘लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं’ किंवा ‘आमच्या घरात तीन डॉक्टर आहेत’ या वाक्यांतून वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काही कळत नाही. एक-दोन प्रसंग निवडा. तुम्ही काय पाहिलं, काय केलं, त्यानंतर तुमच्या वागण्यात काय बदललं, हे सरळ लिहा. प्रत्येक अनुभवाचं वर्णन ६०० अक्षरांत बसवायचं असतं. तिथे विशेषणं गाळा आणि काम सांगा.

महाविद्यालयं निवडताना

चाळीसहून अधिक ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयं साठहून जास्त ठिकाणी शिकवतात, आणि प्रत्येकाचं ध्येय वेगळं असतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या ल्यूइसबर्गचं महाविद्यालय ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवतं. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने मूळ रहिवाशांच्या चेरोकी नेशनसोबत टाहलेक्वा इथे २०२० मध्ये शाखा सुरू केली. मिशिगन स्टेटसारख्या सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्यांना फी कमी पडते. आपल्या कामाचा धागा जिथे जुळतो तिथे अर्ज करा. ग्रामीण आरोग्याशी कधी संबंध आला नसताना ल्यूइसबर्गला अर्ज केला, तर ‘इथेच का?’ या प्रश्नावर अडखळायला होतं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाची क्लिनिकल रोटेशन्स कुठे होतात हे नीट विचारा. अनेक डीओ महाविद्यालयांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. विद्यार्थी दूरदूरच्या कम्युनिटी हॉस्पिटलांत, कधी परराज्यांतही जातात. नवं महाविद्यालय असेल, तर त्याची मान्यता कोणत्या टप्प्यावर आहे आणि कॉमलेक्सचे निकाल काय आहेत हेही पाहा.

पैशाचा हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून करायला हवा. २०२५ च्या कायद्यानुसार, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज काढणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळतं. अनेक खासगी महाविद्यालयांची नुसती फीच वर्षाला याहून जास्त असते. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या मुलांचा प्रश्न आणखी अवघड आहे. हे सरकारी कर्ज त्यांना मिळत नाही, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो, आणि काही महाविद्यालयं फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच घेतात. अर्जाचे पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाचा हा नियम तपासा.

दुसरा अर्ज

मुख्य अर्ज पोहोचला की महाविद्यालयं आपापले प्रश्न पाठवतात. यालाच सेकंडरी म्हणतात, आणि त्याचं शुल्क वेगळं. ‘डीओ का?’, ‘आमचंच महाविद्यालय का?’, ‘तुम्ही कोणत्या अडचणीतून गेलात?’ असे हे प्रश्न असतात. उत्तर साधारण दोन आठवड्यांत जावं. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवताना महाविद्यालयाचं नाव बदलायचं राहून जातं, म्हणून पाठवण्यापूर्वी कुणाकडून तरी वाचून घ्या.

मुलाखत

मुलाखती साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतात आणि वसंतापर्यंत चालतात. २०२० नंतर बऱ्याच मुलाखती व्हिडिओवर होऊ लागल्या. दिवसाची रचना बहुधा सारखी असते: स्वागत, अभ्यासक्रमाची आणि फीची माहिती, विद्यार्थ्यांशी गप्पा आणि मुख्य मुलाखत. जेवणाच्या वेळच्या गप्पांतही तुमचं वागणं पाहिलं जातं, असंच धरून चाला.

मुलाखत एकाशी किंवा दोघा-तिघांच्या पॅनेलशी असते. तुमचा अर्ज काही ठिकाणी परीक्षकांनी वाचलेला असतो, काही ठिकाणी मुद्दाम वाचलेला नसतो. म्हणून अर्जातली प्रत्येक ओळ पुन्हा वाचून जा आणि ती न वाचलेल्यालाही कळेल अशी सांगायची तयारी ठेवा.

आपल्या मुलांना इथे एक अडचण येते. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःबद्दल बोलू नये, हे संस्कार चांगलेच आहेत. पण ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’ एवढंच सांगितलं, तर तुमचा वाटा परीक्षकाला कळत नाही. बढाई न मारता ‘मी हे केलं, इथे मला मदत लागली’ असं सांगायची सवय करा. आई-बाबांनी घरी सराव घ्यावा, पण उत्तरं रचून देऊ नयेत. पाठ केलेलं उत्तर दोन वाक्यांत ओळखू येतं.

‘डीओच का?’ या प्रश्नाला दवाखान्यात पाहिलेल्या गोष्टीतून उत्तर द्या. ‘एमडीवाले माणसाकडे पाहत नाहीत, डीओ पाहतात’ असं म्हणू नका. ते खरं नाही, आणि समोर बसलेल्यांत एमडीही असू शकतात. हाताच्या उपचारांबद्दल विचारलं, तर कंबरदुखीत त्यांचा उपयोग दाखवणारे अभ्यास आहेत आणि कवटीवरच्या तंत्रांबद्दल वाद आहे, हे दोन्ही सांगण्याइतका अभ्यास हवा. एमडीलाही अर्ज केलाय का, असं विचारलं तर खरं सांगा.

काही महाविद्यालयं एमएमआय घेतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झालेल्या या पद्धतीत एकामागून एक छोटी स्थानकं असतात. प्रसंग वाचायला दोन मिनिटं आणि बोलायला पाच-आठ मिनिटं. एक उदाहरण घेऊ. वृद्ध रुग्णाला कॅन्सर झालाय, आणि मुलगी सांगते, ‘बाबांना कळू देऊ नका, ते खचतील.’ आपल्या घरांत हे अनेकदा घडतं, म्हणून हो म्हणावंसं वाटतं. पण अमेरिकेत स्वतःच्या आजाराची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. मग उत्तर कसं बांधायचं? आधी मुलीची भीती ऐकून घ्यायची, ती प्रेमापोटी आहे हे मान्य करायचं. मग रुग्णालाच विचारायचं, ‘तुमच्या तपासण्यांबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? की हे निर्णय मुलीने घ्यावेत असं वाटतं?’ त्यांना जाणून घ्यायचं असेल तर खरं, पण सावकाश आणि मुलीला सोबत घेऊन सांगायचं. त्यांनी ‘मुलीशीच बोला’ म्हटलं, तर तोही त्यांचाच निर्णय. परीक्षक इथे तयार निकाल शोधत नाहीत. तुम्ही दोघांचं ऐकता का, पुढची पायरी सुचवता का, आणि नवी माहिती मिळाल्यावर विचार बदलता का, हे ते पाहतात.

शेवटी तुम्हालाही प्रश्न विचारायची संधी मिळते. रोटेशन्स, कॉमलेक्ससाठीची मदत, मानसिक ताणात विद्यार्थ्यांना मिळणारा आधार, याविषयी विचारा. संकेतस्थळावर सापडेल ते विचारू नका.

उत्तर आल्यावर

निकाल काही आठवड्यांत येतो: प्रवेश, प्रतीक्षायादी किंवा नकार. प्रवेश मिळाला तर ठरल्या मुदतीत अनामत भरावी लागते. ती बऱ्याचदा हजार डॉलरच्या पुढे असते आणि सहसा परत मिळत नाही. त्यामुळे दुसऱ्या मुलाखतींच्या तारखा लक्षात घेऊनच पैसे भरा. प्रतीक्षायादीत असाल, तर महाविद्यालय परवानगी देत असेल तेव्हाच नव्या कामाची माहिती देणारं छोटं पत्र पाठवा.

नकार आला तर महाविद्यालयाला कारण विचारा. काही महाविद्यालयं ते मोकळेपणाने सांगतात. तोच अर्ज पुढच्या मे महिन्यात पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. एमकॅट कमी पडली, रुग्णसेवा तोकडी होती की शाखेची ओळखच वरवरची होती, हे आधी ठरवा आणि त्यावर वर्ष घालवा. दुसऱ्या खेपेला प्रवेश मिळवून चांगले डॉक्टर झालेले पुष्कळ आहेत.

आई-बाबांना एकच विनंती. डीओला एमडीच्या खालचं समजून मुलाला या प्रक्रियेत ढकलू नका आणि अडवूही नका. घरातली ती शंका मुलाच्या आवाजात उतरते आणि मुलाखतीत ऐकू येते. त्यापेक्षा मुलासोबत बसून त्या दवाखान्यातल्या नोंदी वाचा. या कामात त्याला काय आवडलं, ते आधी तुम्ही त्याच्याकडून ऐका. तुम्हाला पटेल असं त्याला सांगता आलं, तर मुलाखतीची निम्मी तयारी घरातच झालेली असेल.