गाणी राहिली, ‘दोस्ती’ मागे पडला

‘दोस्ती’ची गाणी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अजून कुणीतरी गुणगुणतं. पिक्चर मात्र आपल्या पिढीत फारसा कुणी पाहिलेला नसतो. १९६४ सालचा राजश्रीचा हा कृष्णधवल सिनेमा, दिग्दर्शक सत्येन बोस. मोठा स्टार नाही, मध्यभागी हिरो-हिरॉइनची प्रेमकथाही नाही. मुंबईच्या रस्त्यावर भेटलेली दोन पोरं, एवढंच.

रामूचे वडील कारखान्यातल्या अपघातात जातात, भरपाई मिळत नाही, मग आईही जाते. (आई झालेल्या लीला चिटणीस आपल्या शेजारच्या धारवाडच्या बरं का!) अपघातात रामूचा पाय अधू होतो. मोहन आंधळा, नर्स असलेल्या बहिणीला शोधत गावाकडून आलेला. एक माऊथ ऑर्गन वाजवतो, दुसरा गातो, आणि त्या पैशातून रामूची शाळा चालते.

सिनेमा रडका आहे, हे कबूल. पण गरिबी माणसाचं काय करते, हे त्याला नेमकं कळलंय. बहीण सापडते, पण रस्त्यावर गाणाऱ्या भावाला ती ओळखच देत नाही. रामूला आधार देणारे मास्तर तर भले गृहस्थ. पण त्यांची एक अट असते: मोहनला भेटायचं नाही. म्हणजे शिकून वर यायचं तर आधी मित्र सोडायचा. बेळगुंदीसारख्या गावातून शहरात शिकायला जाणाऱ्या पोरांना ‘संगत बघून राहा’ हे घरून किती वेळा ऐकावं लागतं! सांगणारे वाईट नसतात, तेच तर अवघड आहे.

रामू जातो. मग मोहन एकटाच गात फिरतो. ज्या गाण्यासाठी रफींना फिल्मफेअर मिळालं, ते हेच. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लोक ते प्रेमगीत म्हणून गातात. सिनेमात ते दुरावलेल्या मित्रासाठी आहे. हे कळल्यावर गाणं वेगळंच ऐकू येतं.

त्या वर्षी समोर ‘संगम’ होता, तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा फिल्मफेअर ‘दोस्ती’ला मिळाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं हे पहिलं फिल्मफेअर. माऊथ ऑर्गन वाजवलाय आर. डी. बर्मन यांनी.

पुढे मास्तर वारतात आणि परीक्षेची फी भरायला रामूकडे पैसे नसतात. मोहन आजारी असतो. तरी तो रस्त्यावर उतरून गातो, आणि फी भरली जाते.