टॉवर चाळीस मजल्यांचा. पण जयंतीचा मंडप कुठे?

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या चाव्या पडल्या. 160 चौरस फुटांच्या एका खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या माणसांना 500 चौरस फुटांचे, स्वतंत्र संडास-बाथरूमचे घर मिळाले आणि तेही विनामूल्य, मालकी हक्काने. या आनंदात मिठाचा खडा टाकण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्या माउलीने जन्मभर पहाटे उठून मजल्यावरच्या सामाईक संडासासमोर रांग लावली, तिच्या घरात आज संडास आला, ही लहानसहान गोष्ट नाही. चाळ पाडू नका, चाळसंस्कृती वाचवा, असे गळे काढणाऱ्या सुखवस्तू मंडळींनी आधी एक पावसाळा त्या खोलीत काढून दाखवावा आणि मग बोलावे.

पण याच चाळींतल्या एका म्हाताऱ्या आईने आम्हाला विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "घर चांगलंच हाय बाबा. पण जयंतीचा मंडप कुठं घालायचा? आन् सहा डिसेंबरला गावाकडची माणसं आली तर त्यांना वॉचमन वर सोडंल का?"

प्रश्न साधा आहे. पण वास्तुरचना आणि नगररचना या नावाखाली ज्या शास्त्राचा विद्वान लोक काथ्याकूट करतात, त्या शास्त्राचा सगळा गाभा या दोन प्रश्नांत आहे. इमारत कुणासाठी बांधायची? नकाशा काढणाऱ्यासाठी, विकणाऱ्यासाठी, की तिथे जगणाऱ्यासाठी?

आधी या चाळी कशा आल्या ते पाहू. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात मुंबईत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन झाले. त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी. गिरण्यांना मजूर हवे होते आणि मजुरांना छप्पर हवे होते. 50 हजार खोल्या बांधायचा बेत होता. बांधल्या गेल्या जेमतेम साडेसोळा हजार. वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाला 32 आणि शिवडीला 12 अशा एकूण 207 चाळी. तळमजला अधिक तीन मजले. मधोमध अंधारी पॅसेज आणि तिच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. म्हणजे मजल्यावर 20 आणि चाळीत 80 बिऱ्हाडे. गिरगावच्या चाळींसारखी उघडी गॅलरीसुद्धा नाही. माणसाला रात्री आडवे व्हायला आणि सकाळी भोंग्यावर उठून गिरणीत जायला जेवढी जागा लागते तेवढीच मोजून दिली होती. इंग्रज सरकारच्या लेखी मजूर म्हणजे हात. हातांना अंगण कशाला लागते?

ज्या इमारतीने माणसांचा विचार केला नाही, त्या इमारतीला माणसांनीच माणसाळवले. अंधाऱ्या पॅसेजमध्ये दिव्याखाली पोरे अभ्यासाला बसली. घरात सात माणसे झोपलेली असताना पुस्तक उघडायला दुसरी जागाच नव्हती. त्याच पॅसेजमध्ये हळदी लागल्या, बारशी झाली आणि कुणी गेले तर मयतीची तयारीही तिथेच झाली. चाळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात पंचशीलाचा झेंडा लागला, बुद्धविहार उभे राहिले, तालमी, वाचनालये, मंडळे उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस आधी चाळीतल्या गाववाल्याच्या खोलीवर उतरला आणि मग मुंबईत रुजला. यातली एकही गोष्ट इंग्रजांच्या नकाशावर नव्हती. ती आमच्या माणसांनी स्वतःच्या हाताने त्या नकाशात घातली.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब राहत होते. तिथे त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या. एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत अभ्यास. चाळीने अभ्यासाची खोली दिली नव्हती, ती त्यांनी ओढाताणीच्या संसारातून काढली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले, तेव्हा त्या घरात मानाची जागा ग्रंथांना दिली. घर कसे असावे, हा प्रश्न या माणसाने माझे काम काय आहे, या प्रश्नातून सोडवला. वास्तुरचनेचा याहून मोठा धडा कोणता?

मात्र इथेच आम्हाला एका गोड शब्दापासून सावध राहायला हवे. हल्ली वास्तुशास्त्राच्या परिसंवादांत सांगितले जाते की, इमारतीने स्थानिक समाजजीवनाला प्रतिसाद दिला पाहिजे. वाक्य ऐकायला छान आहे. पण कोणते समाजजीवन? या देशात समाजजीवनाला सर्वांत चोख प्रतिसाद दिलेली रचना म्हणजे आपले खेडे. गावकुसाच्या आत सवर्णांची आळीवार घरे, मध्ये देऊळ आणि गावकुसाबाहेर आमची वस्ती. वेगळा पाणवठा, वेगळे मसण. या नगररचनेवर कुणा आर्किटेक्टची सही नव्हती, तरी एक वीटही चुकीच्या जागी पडली नाही. म्हणूनच 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्यांच्या गौरवाचा तो फुगा टाचणी लावून फोडला. आणि त्याआधी, 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी सार्वजनिक जागा म्हणजे काय, याची व्याख्याच या देशाला शिकवली. जिथे सर्वांना जाता येते ती सार्वजनिक जागा. बाकी सगळी खासगी मिरासदारी.

चाळीही यातून सुटल्या नव्हत्या. आमच्या चाळी वेगळ्या आणि त्यांच्या चाळी वेगळ्या, हे चाळीचा नंबर ऐकताच कळायचे. 5 जानेवारी 1974 रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. ज्या मोकळ्या जागेला आज चाळसंस्कृतीचे अंगण म्हणून गौरवले जाते, त्या अंगणात दगडही पडलेले आहेत, हे आम्ही विसरणार नाही. तेव्हा चाळ जशी होती तशी परत आणा, अशी आमची मागणी नाही. नव्या इमारतीत घरे सोडतीने वाटली जातात, याचे आम्ही स्वागतच करतो. सोडतीच्या चिठ्ठीला जात नसते. शेजार सोडतीने ठरला, तर चाळीच्या नंबरावरून जात ओळखण्याचा रस्ता बंद होतो. जुन्या शेजाऱ्यांची ताटातूट होते, हे दुःख खरे आहे. पण ते सोसण्याजोगे आहे.

सोसण्याजोगे नाही ते वेगळेच. चाळ आडवी होती, टॉवर उभा आहे. आडव्या वस्तीत माणूस दाराबाहेर पडला की समाजात असतो. उभ्या इमारतीत तो लिफ्टमध्ये असतो. तेविसाव्या मजल्यावरची म्हातारी खाली वंदनेला यायची तर लिफ्ट चालू हवी आणि लिफ्ट चालवायला पैसे हवेत. देखभालीचा बोजा पहिली 12 वर्षे म्हाडा उचलणार, असे सांगण्यात आले आहे. तेराव्या वर्षी काय? सफाई कामगाराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या, निवृत्त गिरणी कामगाराच्या घरात मेंटेनन्सचे बिल आले आणि ते परवडले नाही, तर घर विकून ही माणसे विरार-अंबरनाथच्या पलीकडे फेकली जातील. हाकलायला कुणी पोलीस येणार नाही. बिलच हाकलून लावील. पुनर्वसनाच्या इमारती एका बाजूला आणि विक्रीचे आलिशान टॉवर दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंत आणि दोन वेगळी फाटके, हा प्रकार तर मुंबईत जागोजागी दिसतो. याला नवे गावकूस म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

उंच बांधण्यावाचून गत्यंतर नाही, मुंबईत जमीनच नाही, असे आम्हाला सांगितले जाते. मान्य. पण उंच म्हणजे मुकेच, असे कुठे आहे? दर चार-पाच मजल्यांमागे एक मोकळा सामाईक चौक ठेवता येतो, जिथे पोरांना अभ्यास करता येईल, बाया बसतील, मयतीची चार माणसे उभी राहतील. प्रश्न तंत्राचा नाही, किती चौरस फूट विकायचे याचा आहे.

आणि हे जमते, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला वसाहत रचली. सात घरांमध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचे एक अंगण, अशा तीन पुंजक्यांत मिळून त्याहून मोठे अंगण, असे करत करत साऱ्या वस्तीचे मैदान. कुणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, त्यामुळे ज्याला जसे जमेल तसे त्याने घर वाढवावे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला 'अरण्य' वसाहत केली. तिथे गरिबाला तयार खुराडे न देता जोते, नळ, संडास आणि जमिनीचा तुकडा दिला. वरचे घर त्याने ऐपतीप्रमाणे चढवायचे. दारापुढे बसायला ओटा. गरीब आणि मध्यमवर्गीय यांचे भूखंड एकाच वसाहतीत. या कामाला 1995 साली आगाखान पुरस्कार मिळाला. यांतही सगळे गोड नाही. बेलापूरची कितीतरी मूळ घरे आज पाडून नवी बंगलेवजा घरे झाली आहेत आणि गरिबासाठी रचलेल्या वस्तीत पैसेवाला शिरला आहे. म्हणजे नकाशा कितीही चांगला असो, गरिबाची ऐपत टिकवणारा कायदा त्याच्या मागे नसेल, तर नकाशा एकटा काही करू शकत नाही.

आणि लोकांना न विचारता काढलेल्या नकाशाचे काय होते, ते नागपूरने दाखवले आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी जिथे लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीच्या विकासाची योजना निघाली. त्यात भूमिगत पार्किंग होते. स्तूपाला धोका पोहोचेल, ही भीती लोक बोलून दाखवत होते. ती कानाआड केली गेली. अखेर 1 जुलै 2024 रोजी हजारो लोक जमले, संताप उसळला आणि त्याच दिवशी सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. कागदावर ती मोटारी ठेवायची सोय होती. लोकांच्या लेखी ती बाप-आज्याने दीक्षा घेतलेली माती होती. आधी विचारले असते तर ही वेळ आली नसती. आमच्या माणसाला अमुक हवे, असे परस्पर ठरवणारे फार झाले. ते आम्हालाच विचारा, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून बीडीडीतल्या आणि उद्या पाडल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तीतल्या समाजबांधवांना आमचे सांगणे आहे. चावी घ्या, वाजतगाजत घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण चावीबरोबर नकाशाही मागा. विहार, अभ्यासिका आणि मैदान कुठे आहे, ते कुणाच्या नावावर आहे, त्याचे भाडे कोण ठरवणार, हे लेखी घ्या. जयंती आणि 6 डिसेंबर या दिवसांसाठी जागा राखीव असल्याची नोंद सोसायटीच्या उपविधीत करून घ्या. सोसायटीच्या कमिटीत आपली शिकलेली पोरे आणि बाया बसवा. मेंटेनन्सचा कायमस्वरूपी निधी मागा. दोन फाटके असतील तर एक करायला लावा. आणि आमच्या ज्या मुला-मुलींना आज आर्किटेक्चरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो आहे, त्यांनी पदवी घेऊन एकदा तरी आपल्या वस्तीचा नकाशा स्वतःच्या हाताने काढावा. आजवर आमच्या वस्त्यांचे नकाशे दुसऱ्यांनीच काढले. आधी मनूने, मग इंग्रजाने आणि आता बिल्डरने.

त्या म्हाताऱ्या आईला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. येत्या 14 एप्रिलला टॉवरच्या पायथ्याशी मंडप पडला आणि गावाकडच्या पाहुण्याला वॉचमनने "जयभीम" म्हणून फाटक उघडले, तर ते उत्तर आपोआप मिळेल. पण ते आपोआप होणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.