ड्रॅगन, फिर्याद आणि घरभाडे

अद्भुतरम्य वाङ्मयाचा वाचक म्हणजे संसाराकडे पाठ फिरवून चेटूक, उडते सर्प आणि मंतरलेल्या तलवारी यांच्या नादी लागलेला मनुष्य, असा एक समज सुशिक्षित समाजात फार दिवसांपासून रूढ आहे; आणि त्याला पुरावा कोणी मागत नाही, कारण जे सर्वांना मान्य असते त्याला पुरावा लागत नाही अशी आपली वहिवाटच आहे. परंतु या शतकाच्या पहिल्या दशकात, मुख्यत्वे अमेरिकेत आणि इंग्रजी भाषेच्या आश्रयाने, याच वाचकांनी इंटरनेटवर जे लिहून ठेवले ते दफ्तर उघडून पाहिले तर निराळाच प्रकार नजरेस येतो. एकाच बाईच्या एकाच आठवड्याच्या लेखनात ड्रॅगनची कथा आहे, वर्णद्वेषाविषयीची फिर्याद आहे, आणि या महिन्याचे घरभाडे कोठून भरावे ही विवंचनाही आहे. शिवाय या तिन्ही गोष्टी परस्परांत अशा गुंतलेल्या आहेत की एक सोडवून वेगळी काढावी म्हटले तर उरलेल्या दोहोंचा अर्थ लागत नाही. या गुंत्यामुळे विषयाचे गांभीर्य कमी झाले असे म्हणणारे तेव्हाही होते. मला वाटते, त्या काळात जे काही मोलाचे घडले ते या गुंत्यातूनच घडले, आणि जे क्रूरपणे घडले तेही त्यातूनच.

हे दफ्तर जेथे साठले ते ठिकाण लाइव्हजर्नल. १९९९ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने आपल्या शाळासोबत्यांना एकमेकांची खबरबात कळत राहावी एवढ्याच माफक हेतूने ते सुरू केले. प्रत्येकाची एक रोजनिशी. ज्यांची नावे आपण मित्रयादीत घातली त्या सर्वांच्या नोंदी कालक्रमाने आपल्या एकाच पानावर. आणि वाटल्यास नोंदीला कुलूप, की जे मोजक्या मित्रांनाच उघडता यावे. हॅरी पॉटरचे, टोल्किनचे, दूरचित्रवाणीवरील अद्भुत मालिकांचे चाहते, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया, येथे येऊन वसले. कथेचे प्रकरण, कथेवरील टीका, आजारी वडिलांचे वर्तमान आणि निवडणुकीवरील संताप हे सारे एकाखाली एक, कोणतीही वर्गवारी न होता, वाचकाच्या पुढ्यात येऊ लागले.

या रचनेतील एका बारीकशा सोयीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण थोर चळवळींचे इतिहास लिहिणारे अशा कारकुनी तपशिलाला सहसा शिवत नाहीत. नोंद लिहावयाच्या पानावर, मुख्य मजकुराला लागून, ‘सध्याची मनःस्थिती’ आणि ‘सध्याचे संगीत’ असे दोन रकाने असत; मनःस्थितीच्या रकान्यात दमलेली, चिडलेली, आजारी, कृतज्ञ अशा तयार शब्दांची लांबलचक यादी उघडे आणि निवडलेला शब्द नोंदीबरोबर छापला जाई. नावाशेजारी शंभर पिक्सेल लांबीरुंदीचे चौकोनी चित्र असे, आणि हौशी मंडळी अशी चित्रे डझनांनी बाळगून रागाच्या नोंदीला एक, दुःखाच्या नोंदीला दुसरे अशी योजना करीत. तेव्हा हॅरी पॉटरच्या कथेतील गृहसेवक बटूंची गुलामगिरी आणि अमेरिकेतील खरीखुरी गुलामगिरी यांविषयी कोणी सविस्तर निबंध लिहिला, तरी तो लिहिणारी आज आजारी आहे, कोणते गाणे ऐकत बसली आहे आणि कोणत्या पात्राचा मुखवटा लावून बोलते आहे, हे युक्तिवादाबरोबरच वाचकाला कळत असे. प्रतिक्रियांचीही गंमत होती. प्रत्येक उत्तर एकेक पायरी उजवीकडे सरके. वाद लांबला की मजकुराची पट्टी अशी अरुंद होत जाई की एका ओळीत जेमतेम एखाद-दुसरा शब्द मावावा, आणि तरीही माणसे नेटाने लिहीत राहात.

शारीरिक पीडेला शब्द मिळाले तेही याच सुमारास. ल्युपस या दीर्घ व्याधीने ग्रस्त असलेल्या क्रिस्टीन मिझरँडिनो या लेखिकेने २००३ साली एक प्रसंग लिहून प्रसिद्ध केला: आजारी असणे म्हणजे नेमके कसे, असे मैत्रिणीने उपाहारगृहात विचारले, तेव्हा तिने आसपासच्या टेबलांवरचे चमचे गोळा करून तिच्या हाती दिले आणि अंघोळ, कपडे, न्याहारी अशा एकेका कामासाठी एकेक चमचा परत काढून घेतला. दिवसाची शक्ती मोजकी असते आणि आजारी माणसाला ती सकाळीच हिशेबाने वाटून घ्यावी लागते, एवढेच सांगणे होते. पण ‘आज चमचे संपले’ हे वाक्य रोजनिश्यांतून इतके रुळले की अशा रुग्णांना स्पूनी हे नावच पडले. न्यायाच्या वादातून मध्येच उठून जाणाऱ्या बाईने हे वाक्य लिहिले की तिला पळपुटी म्हणण्यापूर्वी निदान दोनदा विचार होई. सर्वत्र होई असे मात्र नाही.

मे २००७ च्या अखेरीस या वसाहतीवर पहिला मोठा घाला आला. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध मोहीम चालविणाऱ्या एका बाहेरच्या गटाने तक्रार केली, आणि त्या वेळच्या मालक कंपनीने रोजनिशीधारकांनी ‘आवडी’ या रकान्यात भरलेले शब्द चाळून सुमारे पाचशे खाती एकाएकी बंद केली. बंद झालेल्या खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसे, म्हणून हा प्रसंग ‘स्ट्राइकथ्रू’ या नावाने ओळखला जातो. आता ‘आवडी’ हा रकाना भरणारे सर्वच जण आवडीच लिहीत नसत: अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांचे आधारगट, कादंबऱ्यांची चर्चा करणारे गट, असे सारे आपला विषय दुसरी जागा नाही म्हणून तेथेच नोंदवीत, आणि हुकमाची अंमलबजावणी करणाऱ्याने गुन्हेगार, पीडित आणि कादंबरीचा वाचक यांना एकाच फर्मानाने हद्दपार केले. आरडाओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि बहुतेक खाती पूर्ववत केली. पण दुसऱ्याच्या जागेत आपला संसार मांडला असता काय होते, हे चाहत्यांना तेवढ्यात कळून चुकले.

त्याच महिन्यात, या प्रकारापूर्वी थोडेच दिवस, चाहत्यांच्या कथांवर नफा कमावू पाहणाऱ्या एका कंपनीच्या निमित्ताने, कादंबरीकर्त्री नाओमी नोविक हिने चाहत्यांचे स्वतःच्या मालकीचे संग्रहालय असावे अशी हाक दिली होती. त्यातून ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था उभी राहिली, आणि ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे तिचे संग्रहालय नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले: स्वतःचे सर्व्हर, जाहिरात नाही, काम स्वयंसेवकांचे, खर्च देणग्यांतून. तेथे कथा दाखल करताना एक रकाना भरावाच लागतो. तीव्र हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचे लैंगिक चित्रण, यांपैकी काही कथेत आहे काय ते सांगावे; किंवा आपण पूर्वसूचना देऊ इच्छित नाही असे तरी स्पष्ट नोंदवावे. या निरुपद्रवी दिसणाऱ्या रकान्यामागे कित्येक वर्षांचे भांडण आहे. ज्यांच्यावर प्रत्यक्ष अत्याचार झाला होता त्या वाचकांचे म्हणणे, आम्हाला पुढे काय येणार ते आधी कळू द्या. लेखकांचे म्हणणे, मृत्यू आधीच सांगितला तर कथेत उरले काय? दोन्ही बाजू राखून केलेला याहून समंजस निवाडा मला तरी सुचत नाही. २०१९ साली डब्लिन येथे या संग्रहालयाला विज्ञानकथा व अद्भुतकथांच्या क्षेत्रातील ह्यूगो पारितोषिक मिळाले.

मात्र ज्या वादाने या लेखाचा विषय उभा केला तो २००९ च्या जानेवारीत पेटला. एलिझाबेथ बेअर या कादंबरीकर्त्रीने आपल्याहून निराळ्या वंशाची पात्रे लेखकाने कशी रंगवावीत याविषयी सल्ला देणारी नोंद लिहिली. त्यावर एका कृष्णवर्णीय वाचक स्त्रीने, खुद्द बेअरच्याच कादंबरीतील चित्रणाचा दाखला देऊन, अनावृत पत्र लिहिले. आणि बघता बघता लेखक, संपादक, वाचक असे शेकडो लोक त्यात उतरले. या वादाला पुढे ‘रेसफेल’ हे नाव मिळाले. निराळ्या वंशाच्या पात्रांच्या चित्रणाविषयीची ही तक्रार नवी नव्हती. अर्सुला ले ग्विनने १९६८ साली लिहिलेल्या ‘अर्थसी’च्या पहिल्या कादंबरीतील जादूगार नायक ताम्रवर्णी आहे आणि त्या द्वीपसमूहातील बहुतेक माणसे सावळी वा काळी आहेत, तरी २००४ साली दूरचित्रवाणीवर मालिका आली तेव्हा नायक गोराच निघाला, आणि वृद्ध लेखिकेला जाहीर निषेध करावा लागला. ज्या वाङ्मयात सहा पायांचे घोडे चालतात त्यात सावळा नायक अविश्वसनीय ठरावा, हा त्या वाङ्मयाचा दोष की निर्मात्यांच्या कल्पनाशक्तीचा, हे वाचकाने ठरवावे.

या वादातील एक निबंध आपल्याला जवळचा आहे. तुमच्या कथा तुम्हाला हव्यात तर तुम्हीच का लिहीत नाही, असा साळसूद प्रश्न विचारला गेला असता भारतात वाढलेल्या एका स्त्रीने टोपणनावाने त्याला दीर्घ उत्तर दिले. इंग्रजी बालवाङ्मयावर पोसलेल्या मुलीची कल्पनासृष्टीच परकी झालेली असते, स्वतःची दंतकथा इंग्रजीत सांगू गेले तर पदोपदी स्पष्टीकरणे द्यावी लागतात, आणि मग आपल्या वाट्याचा अद्भुतरस कोठे शोधावा, असा तिच्या लेखनाचा रोख होता. पुण्यामुंबईच्या इंग्रजी शाळांत शिकलेल्या ज्या पिढीने एनिड ब्लायटनच्या पुस्तकांतल्या, कधी चाखलेल्याही नसलेल्या, खाऊच्या वर्णनाने तोंडाला पाणी सुटू दिले, तिला हे उत्तर समजावून सांगण्याची गरज नाही. वर्णद्वेषाची फिर्याद म्हणून ते लिहिले गेले खरे. पण त्याचे बळ आहे ते त्यातील आत्मकथनात. तेच विधान एखाद्या विद्यापीठीय प्रबंधात तळटीपांसह आले असते तर त्या आठवड्यात ते कोणी वाचलेही नसते.

पण याच मिश्रणाची दुसरी बाजूही तेव्हाच उघडी पडली. आपल्या दुखण्याची, नोकरीची, घरच्या भांडणांची माहिती असलेला मनुष्य जेव्हा प्रतिपक्षात जातो तेव्हा त्याच्या हाती शस्त्र आयतेच असते. टोपणनावाने लिहिणाऱ्या एका सहभागी स्त्रीचे खरे नाव या वादात उघड करण्यात आले, आणि एका कथेवरील मतभेदाची झळ उपजीविकेपर्यंत पोहोचू शकते ही भीती सर्वत्र पसरली. मध्यममार्गी मंडळींनी तेव्हा ‘स्वर सौम्य ठेवा’ असा उपदेश केला. तो मला पटत नाही, कारण सौम्य स्वर हा ज्याचे काही गमावलेले नाही त्यालाच स्वस्त पडतो. परंतु नाव फोडणे हा स्वराचा प्रश्नच नव्हता. ती दगलबाजी होती.

फलनिष्पत्ती काय, असे विचारणाऱ्यास दोन-तीन गोष्टी दाखविता येतील. गौरेतर चाहत्यांना साहित्यसंमेलनांस जाण्याचा खर्च मिळावा म्हणून ‘कॉन ऑर बस्ट’ हा निधी त्याच वर्षी सुरू झाला, आणि त्यासाठी चाहत्यांनी वस्तूंचे ऑनलाइन लिलाव केले. या मंडळींचे तीर्थक्षेत्र म्हणजे विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे १९७७ साली सुरू झालेले विस्कॉन हे स्त्रीवादी संमेलन. त्याआधीच तेथील मंडळींच्या पुढाकाराने, या वाङ्मयात गौरेतरांना स्थान मिळावे म्हणून, १९९९ साली निघालेल्या कार्ल ब्रँडन सोसायटीचे नाव तर, १९५० च्या दशकात गोऱ्या चाहत्यांनी थट्टेखातर निर्माण केलेल्या एका काल्पनिक कृष्णवर्णीय चाहत्याचे आहे. आणि कादंबरीकर्त्री एन. के. जेमिसिन, जिने रेसफेलमुळे या वाङ्मयाचे भलेच झाले असे वर्षभराने लिहिले होते, तिला २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे सर्वोत्तम कादंबरीचे ह्यूगो पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी असा मान कोणासही मिळाला नव्हता.

हॅरी पॉटरच्या चाहत्यांनी या मिश्रणाला संस्थेचे रूप दिले. अँड्र्यू स्लॅक याने २००५ साली स्थापन केलेल्या ‘हॅरी पॉटर अलायन्स’ने २०१० च्या भूकंपानंतर हैतीसाठी एक लाख वीस हजारांहून अधिक डॉलर जमवून विमानांनी औषधे पाठविली, आणि हॅरीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चॉकलेटमागे बालमजुरी नसावी म्हणून हॅरीचे चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०१५ साली ते मान्य करून घेतले. बँकॉकमध्ये ३ ऑगस्ट २०२० रोजी निदर्शक जादूगारांच्या वेषात, हाती छड्या घेऊन, राजेशाहीच्या अधिकारांविषयी बोलावयास उभे राहिले, कारण जे उघड बोलता येत नव्हते ते ‘ज्याचे नाव घेऊ नये’ अशा पात्राच्या आडून बोलता येत होते.

त्याच वर्षी हॅरी पॉटरच्या चाहत्यांवर निराळाच प्रसंग गुदरला. पारलिंगी व्यक्तींविषयी हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी प्रकट केलेल्या मतांमुळे, ज्यांनी एकाकी बालपणी त्यांच्याच पुस्तकांत आसरा घेतला होता अशा कित्येक वाचकांना आपल्याला घराबाहेर काढल्यासारखे वाटले. मगलनेट आणि लीकी कॉल्ड्रन या दोन जुन्या संकेतस्थळांनी जुलै २०२० मध्ये संयुक्त निवेदन काढून लेखिकेपासून अंतर घेतले, आणि पुढल्या वर्षी अलायन्सनेही आपले नाव बदलून ‘फॅन्डम फॉरवर्ड’ केले. पुस्तके मात्र पुष्कळांनी टाकली नाहीत, आणि त्यांना त्याबद्दल दोष देणारेही त्यांच्याच मित्रयादीत आहेत.

लाइव्हजर्नल २००७ च्या डिसेंबरात रशियन कंपनीकडे गेले आणि २०१७ साली त्याचे करारपत्र रशियन कायद्याला बांधले गेले, तेव्हा राहिलेल्यांपैकी अनेकांनी आपल्या रोजनिश्या प्रतिक्रियांसह ड्रीमविड्थ या २००९ पासून चालू असलेल्या वसाहतीत हलविल्या. कोणी हलविल्या, कोणी पुसल्या, कोणी मागाहून कुलपे घातली. त्यामुळे आजचा अभ्यासक जेव्हा त्या वादाचे कागद जुळवू लागतो तेव्हा उत्तर हाती लागते आणि मूळ नोंद सापडत नाही. वर उल्लेखिलेल्या ना-नफा संस्थेचे स्वतःचे संशोधनपर नियतकालिक २००८ पासून निघते, आणि चाहत्यांच्या नोंदी उद्धृत करण्यापूर्वी लिहिणाऱ्याची परवानगी घ्यावी असा त्याचा आग्रह आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने ही अट जाचक आहे. जाहीर ठिकाणी जाहीरपणे लिहिले ते जाहीर झाले, असे तो म्हणेल आणि न्यायालयही कदाचित त्याला दुजोरा देईल. तरी ज्या पानावर फिर्याद आहे त्याच पानावर औषधांचा खर्च आणि नवऱ्याशी झालेला बेबनावही लिहिलेला असेल, तर फिर्याद तेवढी उचलून बाकीचे झाकण्याचा कोणताही खात्रीचा उपाय नाही. प्रस्तुत लेखात पत्र आणि निबंध लिहिणाऱ्या त्या दोघींची टोपणनावे दिलेली नाहीत, ती याच कारणाने.